सापळ्यातला उजेड

"आज ढग आहेत, त्यामुळे हे अगदी ठळक दिसतायत," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होती. अण्णांना जाऊन चौथा महिना लागला होता. दर पंधरवड्याला येते तशी मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून कोल्हापूरला आले होते आणि अजून तोंडही धुतलं नव्हतं.

"कोण ठळक दिसतंय?"

"कोण म्हणजे? तुझे अण्णा." दूध नासलंय असं सांगावं तितक्याच सहजपणे तिने सांगितलं. "उन्हात फिके पडतात. असं मळभ असलं की नीट दिसतात."

पोटासाठी मी पुस्तकांची मुद्रितं तपासते आणि दुःखावर लिहिलेली पुस्तकं मी गरजेपेक्षा जास्त वाचली आहेत. गेलेलं माणूस काही दिवस दिसत राहतं, मग आपोआप दिसेनासं होतं, असं त्या सगळ्यांत असतं. ओसरेल, असं मनाशी म्हणत मी चहा टाकला. कप देताना तिच्या उजव्या हाताच्या बोटांवरचे फोड दिसले.

"हे काय?"

"तवा."

"तवा दिसला नाही तुला?"

"दिसला असता. मध्ये हे आले."

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिले. अण्णांच्या आजारपणाची दोन वर्षं, मग ते गेल्यानंतरची पाहुण्यांची वर्दळ, बँका, पेन्शनचे कागद, आणि आता हे. मला झोप हवी होती. आई माझ्याबरोबर पुण्याला राहायला आली असती तर मला ती मिळाली असती. पण आई स्वतःचं घर सोडायला तयार नव्हती, आणि डोळे चालतायत तोवर तिला सोड म्हणायचा मला अधिकारही नव्हता.

डोळे चालतायत तोवर. सगळं तिथेच अडलं होतं.

*

माझे वडील, डॉ. भरतेश चौगुले, विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीवर काम केलं: दिवा बंद केल्यावरही न थांबणारा विद्युत्प्रवाह.

काही पदार्थ अंधारात वीज जवळजवळ वाहूच देत नाहीत आणि उजेड पडला की वाहू देतात. त्यांना अर्धवाहक म्हणतात. उजेडाने त्यांच्या आतले विद्युत्कण सुटे होतात, उजेड गेला की आपापल्या जागी परततात, आणि प्रवाह थांबतो. निदान थांबायला हवा. पण कुठलाच स्फटिक निर्दोष नसतो. कुठे एखादा अणू गैरहजर असतो, कुठे भलताच अणू येऊन बसलेला असतो. अशा जागी काही कण अडकून पडतात, आणि ते अडकले की त्यांचे जोडीदारही परत जाऊ शकत नाहीत, वाहतच राहतात. या अडकवणाऱ्या जागांना सापळे म्हणतात.

वर्गात अण्णा आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं उदाहरण देत. पाऊस थांबला की रस्त्यावरचं पाणी वाहून जातं, खड्ड्यातलं राहतं. उथळ खड्डा लगेच सुकतो, खोल खड्डा आठवडाभर भरलेला राहतो. तो लवकर रिकामा व्हायला हवा असेल तर ऊन पडावं लागतं. "आणि सुदैवाने आपल्या गल्लीत दोन्ही प्रकारचे खड्डे अभ्यासासाठी उपलब्ध आहेत." दरवर्षी हाच विनोद. विद्यार्थी दरवर्षी हसायचे, कारण खड्डेही दरवर्षी तेच असायचे.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे गाड्या रंगवायच्या फवाऱ्याची तोटी आणि खाली एक तापणारी पट्टी. तापलेल्या काचेवर द्रावण फवारायचं, केसाहून पातळ थर तयार करायचा, त्यावर उजेड पाडायचा, दिवा बंद करायचा आणि प्रवाह किती वेळ टिकतो ते बघत बसायचं. जगभरचे लोक सापळे नाहीसे करायच्या मागे असताना हे सापळ्यांची खोली मोजत होते. एका परिषदेत कुणीतरी विचारलं, "चौगुले, तुमचा दिवा विझतो तरी का?" हे ते घरी येऊन सांगत आणि स्वतःच हसत. बढती उशिरा मिळाली. परदेशी जायची एक संधी आली, ती माझ्या दहावीमुळे गेली असं आई म्हणते. तोटी सोडवेना म्हणून गेली असं मला वाटतं.

ते निवृत्तीला आले तेव्हा डोळ्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या लोकांना त्यांचे शोधनिबंध सापडले. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्या, की त्यांच्या जागी बारीक चिप बसवायची. चिपवर हजारो ठिपके. प्रत्येक ठिपका पडलेल्या उजेडाची थोडीशी वीज करतो आणि मागच्या जिवंत मज्जापेशींना देतो. तत्त्वात सगळं ठीक, पण रुग्णाने एका जागी नजर ठेवली की चित्र क्षणात विरून जायचं. चित्राला पापणी लवेपर्यंत तरी धरून ठेवणारा पदार्थ हवा होता. म्हणजेच उथळ सापळे हवे होते. अण्णांच्या थरात ते हवे तेवढे होते.

काही खोलही होते. पण ते थोडे होते, आणि ते भरायचे तर एकाच जागी, एकच उजेड, फार मोठा काळ पडावा लागला असता. असं कोण करणार?

*

त्याच सुमारास आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. माझी आई, सुनंदा चौगुले, शाळेत चित्रकला शिकवायची. तिला कडा दिसायच्या, मधलं दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. चिप बसवलेल्या पहिल्या काही रुग्णांत ती होती.

चिप बसवली म्हणजे काम संपत नाही. वरून घालायच्या चष्म्यात एक छोटा गणक असतो. तो रोज सकाळी चिपच्या सगळ्या ठिपक्यांची बरोबरी लावून घेतो, तंबोरा रोज जुळवावा तशी. त्यासाठी हनुवटी एका टेकणीवर ठेवायची आणि थोडा वेळ नजर न हलवता समोर बघायचं. कशाकडे, तर यंत्राबरोबर येणाऱ्या एका कोऱ्या पांढऱ्या पत्र्याकडे. कोरा अशासाठी, की सगळ्या ठिपक्यांवर सारखाच उजेड पडावा.

आईला ते जमेना. "त्यात काही नाहीच, तर बघू कुठं?" नजर भरकटायची, गणक पिरपिर करायचा, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस अण्णांनी सोसलं. मग पत्रा कपाटामागे गेला आणि ते स्वतःच स्टुलावर बसले. खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड चेहऱ्यावर. पाठीमागे कोठीच्या खोलीचं काळोखं दार. नजर टेकायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतला एक बारीक एलईडी कपाळपट्टीला लावून बरोबर भुवयांच्या मध्ये आणला.

"माझी टिकली आरशाला आणि ह्यांची कपाळाला," आई म्हणायची. मी शाळेनंतर कधी टिकली लावली नाही, त्यावरून ती मला आयुष्यभर बोलत आली. आता तिला नवं उदाहरण मिळालं. "बघ, बाप लावतो. तुला काय जड होते?"

मी सुट्टीत आले की रोज हे बघायची. हनुवटी टेकवून बसलेली आई, समोर दिवा लावलेले अण्णा, आणि त्यांची अखंड बडबड. पेपरातली बातमी, मेथीचा भाव, कुणाच्या तरी शोधनिबंधातली चूक. वर्षानुवर्षं हे चाललं. डायलिसिस सुरू झाल्यावर स्टूल जाऊन पाठीची खुर्ची आली, पण बसणं चुकलं नाही.

ते गेल्यावर आईने बरोबरी लावणंच सोडलं होतं. हे त्या ढगाळ सकाळी मला कळलं आणि मी रागावले, तेव्हा ती म्हणाली, "कुणासमोर बसू?"

*

"दिसतात म्हणजे कसे दिसतात?" मी जेवणानंतर विचारलं. मला तिला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि तिथे काय सांगायचं ते ठरवायचं होतं.

आईने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, कोळशाची कांडी घेतली आणि काढायला लागली. कागदाकडे ती सरळ बघत नव्हती, मान कलती करून डोळ्याच्या कडेने बघत होती. आधी कपाळ. मग खांदे, सदऱ्याची कॉलर. डावा कान उजव्यापेक्षा मोठा, अण्णांचा होता तसाच. चष्म्याच्या काड्या. मग तिने कांडी खाली ठेवली.

"तोंड?"

"तोंड नाही दिसत. नाकाखाली नुसतं धुरकट आहे."

मी कागद गुंडाळून पिशवीत ठेवला. आठवणीतून काढलेलं चित्र असतं तर तोंड आलं असतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी फार दमले होते.

*

मिरजेला जायला बिनचालकाची गाडी मागवली होती. "जरा सावकाश घ्या हं," आई समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "असू दे. सांगितलेलं बरं."

नेत्ररुग्णालयात चिपचा विभाग डॉ. यास्मिन मुजावर बघतात. त्या अण्णांच्या विद्यार्थिनी, शेवटच्या तुकडीतल्या. मी कॉलेजात असताना त्या आमच्या घरी येऊन प्रबंध लिहायच्या आणि आई त्यांना मुद्दाम तिखट कमी केलेली आमटी वाढायची, कारण मिरजेच्या असून त्यांना तिखट सोसत नसे.

"काकू, काय म्हणता?"

"मी बरी आहे. हिला वाटतं मला वेड लागलंय. बघ जरा."

यास्मिनताईंनी आईच्या डोळ्यांवर काळी झापडं बांधली, जराही उजेड जाणार नाही अशी, आणि चष्म्यातून चिप वाचायला लावली. "अंधारात प्रत्येक ठिपक्याने शून्य दाखवायला पाहिजे," त्या मला म्हणाल्या. "थोडं इकडेतिकडे चालतं."

पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर करडे डाग उमटले. खाली काहीतरी उजळ, गोलसर. वर दोन उतार. ढगांचा फोटो असावा तसं. मला काही कळलं नाही. यास्मिनताई मात्र खुर्चीत पुढे झाल्या. त्यांचा हात थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग त्यांनी चित्र फिरवून उलटं केलं. डोळ्याच्या पडद्यावर जग उलटं पडतं, हे मी विसरले होते.

कपाळ. खांदे. कॉलर. डावा कान मोठा. कपाळाच्या मध्यावर एक लख्ख पांढरा ठिपका.

"सर," यास्मिनताई म्हणाल्या. एवढंच.

मी पिशवीतून आईचा कागद काढला आणि पडद्याशेजारी धरला.

"दिसले का?" झापडांआडून आईने विचारलं. "आता सांग हिला."

"दिसले, काकू. पण तोंड नाही आलं."

"कसं येईल? गप्प कधी बसले?"

यास्मिनताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. रोज सकाळी तीच जागा, तोच उजेड, आणि नजर कपाळावरच्या दिव्यावर खिळलेली. म्हणून चेहरा रोज चिपच्या त्याच ठिपक्यांवर पडत गेला. एका दिवसाने काही झालं नसतं. वर्षानुवर्षांनी खोल सापळे एकेक करून भरत गेले. रोजच्या बरोबरीने ते बरंचसं झाकलं जायचं, ती सुटली तसं वर आलं. जे हललं ते पुसट झालं, जे स्थिर राहिलं ते साचलं. केस धुरकट होते, कारण मधल्या वर्षांत ते पिकले आणि विरळ झाले. गाल दोनदा काढल्यासारखे होते, एक भरलेला आणि एक आत गेलेला. पडद्यावरचे अण्णा कुठल्याच एका दिवसाचे नव्हते. ते सगळ्या सकाळींची सरासरी होते.

"सरांचा पहिला नियम होता," यास्मिनताई म्हणाल्या. "नमुन्यावर एका जागी उजेड ठेवून चहाला जायचं नाही. एकदा मी गेले होते, तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि स्वतः..."

"म्हणजे त्यांना कळलं नाही?"

"त्यांना कळलं नसेल असं होऊ शकत नाही. आणि कळलं असतं तर त्यांनी हे असं ठेवलं नसतं. मला नाही सांगता येत, त्रिशला."

"मी काय त्यांचा नमुना होते?" आई म्हणाली. "झापड काढ गं आता."

पुढचं त्यांनी आईला समोर बसवूनच सांगितलं. रुग्णाच्या पाठीमागे बोलण्याची त्यांची पद्धत नाही. भरलेल्या सापळ्यांमुळे त्या जागेवरचे ठिपके रात्रंदिवस चालू राहतात. मागच्या मज्जापेशींना विश्रांती नाही. त्या आधीच थकल्या आहेत; अजून वर्षभर हे असंच राहिलं तर त्या पेशी मरतील, आणि मग कुठलीही नवी चिप उपयोगाची नाही. मधलं सगळं कायमचं जाईल. उपाय साधा आहे. अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उबदार प्रकाश, दोन-तीन बैठकांत सोडायचा. खड्ड्यांवर ऊन पडल्यासारखं. सापळे रिकामे होतात.

"मग हे जाणार," आई म्हणाली.

"हो, काकू. निवडून ठेवता येत नाही."

"हा पडद्यावरचा फोटो कागदावर काढून देते म्हणशील."

"देते की."

"नको. चित्र मला काढता येतं." ती उठली. "विचार करून सांगते. घरी आलीस की आमटी करीन."

*

परतीच्या वाटेवर आणि नंतरचे दोन दिवस मी तिच्याशी वाद घातला. मी आवाज चढवला नाही. आमच्या घरात कुणी चढवत नाही. मुद्दे मांडले. तिने ते ऐकले.

"पूर्ण आंधळी होऊन एकटी कशी राहणार आहेस?"

"राहतात लोक."

"तवा, गॅस, जिना. रस्ता ओलांडणं."

"कडेनं बघते मी. सवय झालीय."

"डोळा साफ झाला की अण्णांचे फोटो दिसतील तुला. आता फोटोकडे बघितलं तरी काय दिसतं?"

"फोटोकडे बघितलं तरी हेच, भिंतीकडे बघितलं तरी हेच. जिवंतपणी इतके घरात नव्हते." ती शेंगा सोलत होती, हाताच्या अंदाजाने. "फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतायत, त्रिशू. इथं माझ्याकडे बघतायत."

मी मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि विचारलं, "कधीपासून दिसतात?"

"झाली की बरीच वर्षं. आधी नुसता ठिपका. मग कपाळ. ते बाहेर गेले की भिंतीवर असायचे. पहिल्यांदा घाबरले. मग बरं वाटायला लागलं."

"आणि तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुरुस्त केलं असतं."

तिने सालं गोळा करून सुपात टाकली. मी त्या सुपाकडे बघत राहिले. ज्या माणसाने आयुष्य सापळे मोजण्यात घालवलं, त्याच्या समोर हनुवटी टेकवून ही बाई वर्षानुवर्षं बसली होती, त्याच्याच चुकीचा साठा डोळ्यात घेऊन, आणि तिने अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हा यास्मिनताईंचा आणि माझा प्रश्न होता. तिचा नव्हताच.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मला परत निघायचं होतं. पिशवी भरून मी खिडकीजवळ चपलेचा पट्टा लावत होते. आई समोर येऊन उभी राहिली.

"जरा बस त्या स्टुलावर. खिडकीकडे तोंड कर."

मी बसले. ती माझ्याकडे सरळ बघत होती, मान कलती न करता, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. उन्हाचा कवडसा माझ्या तोंडावर होता. मला वाटलं ती माझी परीक्षा घेते आहे.

"काय झालं?"

"काही नाही. तुझा आवाज फार बारीक झालाय. वाळली असशील असं वाटलं, म्हणून बघत होते."

"मग? वाळलेय?"

"कळत नाही. तुझ्याकडे बघितलं की तेच दिसतात." तिने हात पुढे करून माझ्या गालावरून फिरवला, भाजलेल्या बोटांचा स्पर्श खरबरीत होता, मग गळ्याच्या हाडावर ठेवला. "वाळलीस."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला.

"आजची गाडी रद्द कर," ती आतूनच म्हणाली. "आणि यास्मिनला फोन लाव."

*

पहिल्या बैठकीत फार काही झालं नाही. आई हनुवटी टेकवून बसली, यास्मिनताईंनी यंत्र सुरू केलं. प्रकाश दिसत नव्हता, नुसती पंख्याची घरघर होती. आई म्हणाली, डोळ्यात उन्हात वाळवलेल्या कपड्यांसारखं वाटतंय.

दुसऱ्या बैठकीत ती बोलायला लागली. कुणी विचारलं नव्हतं. वर्गात मुलाच्या चित्राकडे बघून शेरा द्यावा तसा तिचा आवाज होता, सपाट.

"खांदे चालले. कॉलर राहिलीय... आता कॉलर पण."

यास्मिनताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चालू द्या म्हणून.

"उजवा कान गेला. डावा आहे अजून. मोठा ना, वेळ लागणार." जरा थांबून, "गाल पुसट झाले. कुणीतरी खोडरबर फिरवल्यासारखे. वाईट खोडतायत, डाग राहतायत."

"थांबवू का, काकू?"

"अर्धं खोडलेलं चित्र कोण ठेवतं?"

मी तिचा हात धरला होता. तो थंड होता आणि अजिबात हलत नव्हता. अण्णा गेले तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर औषधं आणायला गेले होते. आत आले तेव्हा सगळं झालेलं होतं. या वेळी मी होते. तिने सांगितलं तसतसं मी मनाने बघत गेले: चष्म्याच्या काड्या, भुवया, मग नाक.

"काकू?"

"कपाळ गेलं," आई म्हणाली. "दिवा आहे."

तिसऱ्या बैठकीनंतरही दिवा होता. यास्मिनताईंनी पुन्हा झापडं बांधून चिप वाचली. पडदा काळा होता, सगळा, नुसत्या मध्यावर एक पांढरा ठिपका. एलईडीचा उजेड सगळ्यात प्रखर, म्हणून तिथे सगळ्यात खोल सापळे भरलेले. यास्मिनताई म्हणाल्या, अजून एक मोठी बैठक घेतली की तोही निघेल.

"आणि ठेवला तर?"

"एवढ्याशा जागेला विशेष अपाय नाही. एक-दोन पेशींचा प्रश्न आहे. पण नजर जिथे टेकवाल तिथे तो असणार. वाचताना एखादं अक्षर खाईल."

"एक अक्षर जाऊ दे. अंदाजानं वाचीन."

यास्मिनताई माझ्याकडे वळल्या. शास्त्र म्हणून त्यांना तो काढायचा होता, हे दिसत होतं. गळालेलं अक्षर डोळा आपलं आपण भरून घेतो आणि चूक तशीच छापली जाते, हे माझ्या धंद्यातलं जुनं दुखणं. आयुष्यभर मी अशी अक्षरं शोधून शोधून जागेवर बसवत आले आहे.

"राहू दे, यास्मिनताई," मी म्हणाले.

त्यांनी यंत्र बंद केलं. पंख्याची घरघर हळूहळू थांबली. निघताना त्यांनी बजावलं, रोजची बरोबरी पांढऱ्या पत्र्यावरच लावायची, आणि कधी माणूस बसलंच तर त्याने जागा बदलत राहायचं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटामागून पत्रा काढला. त्याच्यावरचं प्लॅस्टिकही कुणी फाडलेलं नव्हतं. मी तो पुसून भिंतीला लावला. आईने हनुवटी टेकवली, जरा वेळ बघितलं, आणि मान उचलली.

"एरवी चालेल. तू आहेस तोवर तू बस."

मी स्टूल ओढलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर ऊन स्वच्छ होतं. गणक एकदा पिरपिरला आणि गप्प झाला. आई माझ्याकडे बघत होती, या वेळी कपाळाला आठ्या न पाडता. तिची नजर माझ्या केसांवरून, गालांवरून, गळ्यावरून फिरली. एखादं चित्र तपासायला घ्यावं तशी ती सावकाश फिरत होती. मी किती पिकले आहे, किती वाळले आहे, डोळ्यांखाली काय आहे, हे सगळं तिला आता दिसत होतं, आणि मला ते लपवायला जागा नव्हती. मग तिची नजर माझ्या भुवयांच्या मध्ये येऊन टेकली.

"टिकली लावलीस आज?"

मी कपाळाला हात नेला नाही.

"हो," मी म्हणाले.

"बरी दिसते."

बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसलो. तोंड स्थिर ठेवायचा मी प्रयत्न करत होते.

"आता जरा सरक," आई म्हणाली. "एका जागी बसू नकोस."

मी स्टूल डावीकडे सरकवलं. तिची नजर माझ्याबरोबर आली, आणि नजरेबरोबर तो ठिपकाही.